राग उतरवायची भट्टी

पत्र इंग्रजीत होतं, आणि तिथेच अंबादासचं डोकं फिरलं. मरोळच्या त्या शेडमध्ये त्याने चौतीस वर्षं काढली होती. चौतीस वर्षांत तिथे कुणी कुणाशी इंग्रजीत भांडलं नव्हतं. शिव्या मराठीत दिल्या, हिंदीत दिल्या, धाकू तर मालवणीत द्यायचा आणि त्या ऐकायला माणसं हातातलं काम थांबवायची. आणि आता हे पाकीट! सौरभशेठने स्वतःच्या हाताने दिलं, वर साखर पेरल्यासारखा बोलला, "काका, घरी नीट वाचून घ्या, उद्या सही करून आणा." ज्याला इंग्रजी वाचता येत नाही हे पक्कं ठाऊक आहे, त्यालाच म्हणायचं नीट वाचून घ्या.

असल्फ्याच्या डोंगरावरच्या खोलीत त्याची मुलगी नीलम अंधेरीच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. तिने पर्स खांद्यावरून काढायच्या आधी पाकीट फोडलं. द्रौपदी गॅसजवळून म्हणाली, "मोठ्यानं वाच गं. मलाही कळू दे तुझ्या बापानं काय दिवे लावले."

नीलमने आधी मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. अंबादासला ते दुसऱ्यांदा वाचणं आवडलं नाही.

"पप्पा, ह्यात लिहिलंय की दोन तारखेच्या मालातला एक पंच तुम्ही टेंपर केला नाही, आणि तरी रजिस्टरमध्ये केला म्हणून सही केली. तो पंच तुमच्या गिऱ्हाइकाच्या, हर्षदभाईंच्या प्रेसवर फुटला, तुकडा उडून शुभा नावाच्या ऑपरेटरच्या डोळ्यात गेला. ह्याला फक्त तुम्ही जबाबदार आहात, आणि हे तुम्हाला मान्य आहे. खाली तुमची सही."

"अजून?"

"शेवटी लिहिलंय, अपघाताचं कळल्यावर ऑफिसात तुम्ही जे बोललात..." ती अडखळली. "ती भाषा टेंपर करा."

"काय करा?"

"टेंपर. तोच शब्द आहे पप्पा. वर पंचाला आहे, खाली तुमच्या बोलण्याला. म्हणजे सौम्य करा, राग आवरा, असं." तिने मोबाइल काढला आणि शब्दकोश त्याच्यासमोर धरला. "हे बघा ना, एकाच क्रियापदाचे दोन अर्थ एकाखाली एक दिलेत. एक धातूचा, एक माणसाचा."

अंबादास हसला. ते हसू बघून द्रौपदीने गॅस बारीक केला.

"म्हणजे लोखंडाला जे करायचं होतं ते केलं नाही," तो म्हणाला, "आणि आता मला करायला निघालेत!"

आता हे टेंपर काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर ह्या माणसाचा राग कुणाला कळायचा नाही. लोक म्हणतील, म्हातारा तापट आहे. तापट तो आहेच, पण उगाच नाही.

पत्र्याला भोक पाडायला प्रेसमध्ये पोलादाचा पंच बसवतात. तो दिवसाला हजारो वेळा आपटतो, म्हणून कडक असावा लागतो. तर आधी तो भट्टीत लाल करायचा आणि तेलात बुडवायचा. ह्याला कारागीर पाणी पाजणं म्हणतात, पाजतात तेल तरीही. तेलातून निघालेला पंच इतका कडक असतो की कानस त्याच्यावरून घसरते. पण तेवढाच तो ठिसूळ असतो. आतून नुसता ताठलेला. कुठे ठोकला की काचेसारखा फुटायचा. म्हणून तो दुसऱ्या भट्टीत, मंद आचेवर दोन तास ठेवायचा. कडकपणा किंचित उतरतो आणि अंगात सोसायची ताकद येते. इंग्रजीत हेच टेंपरिंग. पण अंबादासला हे काम शिकवणारा अनंत मिस्त्री इंग्रजी शब्द वापरायचा नाही. "ह्याचा राग उतरव रे आधी," म्हणायचा, "मग गिऱ्हाइकाला दे." तेव्हापासून शेडमध्ये त्या दुसऱ्या भट्टीचं नावच पडलं, राग उतरवायची भट्टी.

म्हणजे नीलमने मोबाइलवर दाखवलेले दोन अर्थ अंबादासला चौतीस वर्षांपूर्वीच माहीत होते. फरक एवढाच की अनंत मिस्त्रीने तो शब्द कधी माणसावर उगारला नव्हता.

"सही करणार नाही," अंबादास म्हणाला.

"अहो, तीन महिने राहिलेत रिटायर व्हायला," द्रौपदी म्हणाली. "त्या पोराशी कशाला डोकं लावताय? एक सही तर करायची."

"एक पंच म्हणे! एक पंच कसा राहील? बारा पंच होते. बारा एका ट्रेमध्ये. ट्रे भट्टीत गेला तर बारा गेले, नाही गेला तर बाराच्या बारा राहिले. एकाला काय मी खिशात घालून फिरत होतो?" त्याचा आवाज चढला. मग तो एकदम थांबला. बोलता बोलता त्याचं त्यालाच काहीतरी दिसलं होतं. "नीलम, बाकीचे अकरा परत मागवलेत असं लिहिलंय का कुठे?"

नीलमने पत्र उलटसुलट करून बघितलं. तसं कुठेच नव्हतं.

"म्हणजे ते अजून प्रेसवर चालू आहेत," अंबादास म्हणाला, आणि जेवायला बसला नाही.

त्याला रात्रभर दुसरीही एक गोष्ट टोचत होती, आणि ती तो द्रौपदीशी बोलला नव्हता. रजिस्टरमधली सही खरंच त्याची होती.

त्या शेडची रीतच तशी होती. रजिस्टरला दोन रकाने, एक पाण्याचा, एक टेंपरिंगचा. अंबादास दुपारी पाणी पाजायचा, आणि साडेचारला त्याची पाळी संपायची. टेंपरिंग संध्याकाळच्या पाळीत धाकू करायचा. पण धाकू कागदावर नव्हता. बावीस वर्षं त्या शेडमध्ये घाम गाळून धाकूचं नाव कुठल्याच रजिस्टरला नव्हतं. मग तपासणीला कुणी आलं तर टेंपरिंगच्या रकान्यात सही कुणाची दाखवायची? म्हणून घरी जाताना अंबादास दोन्ही रकान्यांत सह्या करून जायचा. एक झालेल्या कामाची, एक होणाऱ्या कामाची. धाकूने कधी दगा दिला नव्हता, त्यामुळे ती खोटी सही आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सकाळी मरोळ नाक्याला मेट्रोतून उतरून तो शेडवर गेलाच नाही. गेटसमोरच्या टपरीवर उभा राहिला. धाकू एरवी पाळीच्या आधी, दुपारचा यायचा, पण त्या दिवशी अंबादासने त्याला फोन करून सकाळीच बोलावून घेतलं. धाकू आला, आणि अंबादासचा चेहरा बघून त्याने चहाही मागवला नाही.

"दोन तारखेचा ट्रे तू भट्टीत घातलास का नाही?"

धाकू रस्त्याकडे बघत राहिला.

"धाकू, मी तुला विचारतोय."

"नाय घातलंय," धाकू म्हणाला. "माका सायबाचो फोन इलो. टेंपो गेटार उभो आसा, माल आत्ताच्या आत्ता भर म्हणालो. मी म्हटलंय, सायबानू, राग उतरूक नाय अजून. तर म्हणालो, एका लॉटान काय होता?"

"आणि मला सांगितलं नाहीस? दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी?"

"काय सांगतलंय? माल गेल्लो. तू बोंबाबोंब केलं असतंस, आणि घरी कोण बसलो असतो? मी." धाकूने डोळे पुसले, पण रडला नाही. "तू सही केलंस ती तुका दिसता. माझा नावच खंय नाय. मी थय होतंय ह्यां तरी कोण सांगतलो?"

अंबादासला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. हात उठलाही होता. पण धाकूचं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याला मारायचं कसं? त्याने उठलेला हात खिशात घातला आणि तसाच सौरभच्या केबिनमध्ये गेला.

सौरभ हा चंद्रप्रकाशशेठचा मुलगा. चंद्रप्रकाशशेठ स्वतः भट्टीसमोर उभे राहायचे, हाताला चटके बसलेले होते त्यांच्या. चार वर्षांपूर्वी ते गेले. सौरभला अंबादासने ह्याच शेडमध्ये चड्डीत फिरताना बघितलं होतं. आता तो एसीत बसायचा आणि भट्टी कॅमेऱ्यावर बघायचा.

"या काका. आणलंत पत्र?"

"बाकीचे अकरा पंच परत मागव."

"बसा तर आधी."

"बसायला नाही आलो. अकरा पंच कच्चे आहेत. परत मागव, आत्ता फोन कर."

"काका, एकच राहिला होता. तुमच्या हातून सुटला. होतं असं, वय झालं की. मी काय तुमच्याविरुद्ध पोलिसात जातोय का? फक्त एक सही."

"हार्डनेस मशीनवर लाव एक पंच. कडकपणा उतरलाय की नाही ते दोन मिनिटांत कळेल."

"मशीन रिपेअरला आहे ना."

"मार्चपासून रिपेअरलाच आहे ते! तरी सर्टिफिकेटवर आकडे कुठून येतात रे?"

सौरभने खुर्ची मागे रेलली. "हे बघा. अकराच्या अकरा मागवले तर हर्षदभाई उद्या सगळंच काम काढून घेतील. पंधरा घरं चालतात ह्या शेडवर. तुमचंही त्यातच आलं. जरा टेंपर खाली ठेवा काका. तुमच्या ह्या रागानेच सगळं बिघडतं."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते अंबादासला त्या एसीत कळलं. बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं. बापाच्या नावाने बोलता आलं असतं, पोरीच्या डोळ्याच्या नावाने बोलता आलं असतं. पण बोलून हा ढिम्म हलणार नव्हता. आणि तेवढ्या वेळात दोन गल्ल्या सोडून ते अकरा पंच आपटत होते. प्रत्येकासमोर एकेक माणूस बसलेलं होतं. तो वळला आणि चालू लागला. भट्टीजवळून जाताना त्याने आपला हातोडा उचलला. बाहेर पडताना मागून सौरभ ओरडला, "काका, कुठे निघालात?"

हर्षदभाईंच्या वर्कशॉपमध्ये शिरलं की बोलणं ऐकू येत नाही. अकरा प्रेस धाडधाड चालू होत्या. बारावी बंद होती आणि तिच्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. बहुतेक ठिकाणी बायका आणि पोरी बसल्या होत्या. पत्रा सरकवायचा, पॅडल दाबायचं, पत्रा सरकवायचा. डोळ्यांवर चष्मा एकीलाही नव्हता.

हर्षदभाई कचेरीतून बाहेर आले. ते कच्छी, पण तीस वर्षं मरोळात, मराठी घरच्यासारखं बोलायचे. "अरे अंबादासभाई! सौरभ बोलला मला. झालं गेलं. एक पीस होता, चुकी होते माणसाकडून. मी काय मनात ठेवलं नाही."

"मशीनं बंद करा."

"काय?"

"बंद करा म्हटलं! सगळी!"

"अरे, उद्या माल जायचाय माझा."

अंबादास पहिल्या प्रेसकडे गेला आणि त्याने तिची मोटर स्वतःच बंद केली. तिथे शेवंती बसली होती, पन्नाशीची बाई. ती पटकन हात मागे घेऊन उठली. हर्षदभाई ओरडत आले, पण अंबादासने तोवर पाना मागून घेतला होता आणि पंच सोडवायला लागला होता. चौतीस वर्षं ज्याने पंच बनवले त्याला एक काढायला किती वेळ लागतो? त्याने पंच बाहेर काढला, रॉकेलच्या फडक्याने डोक्याची कड पुसली आणि उजेडात धरली.

आता इथे त्याची एक खोड सांगायला हवी. अनंत मिस्त्रीने लावलेली. पाणी पाजून झालं की तो प्रत्येक पंचाच्या कॉलरच्या, म्हणजे डोक्याकडच्या जाड कड्याच्या कडेला नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायचा. कारण राग उतरत असताना पोलादाचा रंग बदलतो, आणि तो घासलेल्या जागीच दिसतो. भट्टीतून काढला की ती जागा सोनेरी झालेली पाहिजे, वाळलेल्या गव्हाच्या काडीसारखी. सोनेरी झाली म्हणजे राग उतरला. ह्या कॉलरच्या कडेला पुढे ग्राइंडिंग लागत नाही, पंच होल्डरमध्ये बसला की ती झाकली जाते. शेडमधले नवे लोक त्याला हसायचे. भट्टीवर आकडा दिसतो, म्हणायचे, मग हे घासत काय बसता काका?

ती नखाएवढी जागा पांढरी होती. रुपयाच्या नव्या नाण्यासारखी पांढरी.

"हे बघा," तो म्हणाला. "ही जागा मी घासली. म्हणजे मी हा पंच राग उतरवायला तयार करून ठेवला होता. आणि ती पांढरी आहे म्हणजे तो भट्टीत गेलाच नाही. जुना पंच आहे का एखादा माझ्या हातचा? आणा."

हर्षदभाईंनी खोक्यातून एक जुना पंच आणला. कड पुसली तर खाली सोनेरी ठिपका.

"पिवळा, पांढरा, मला काय समजणार त्यातलं?" हर्षदभाई म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा चढा नव्हता. "तुम्ही बोलता बारा, सौरभ बोलतो एक. मी कोणाचं मानू?"

"माझं नका मानू. ह्याचं माना."

त्याने दोन लोखंडी ठोकळे जमिनीवर ठेवले, मध्ये चार बोटांचं अंतर. त्यावर जुना पंच आडवा टाकला, वर दुहेरी गोणपाट टाकलं आणि हातोडा मारला. गोणपाट काढलं. पंच तसाच. मग त्या जागी पांढऱ्या ठिपक्याचा पंच ठेवला. तेच गोणपाट, तोच हातोडा, तेवढाच उचललेला हात. आवाजच वेगळा आला. गोणपाटाला एक भोक पडलं होतं. खाली पंचाचे तीन तुकडे होते, आणि मोडलेली कड इतकी धारदार की हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

सगळ्या बायका जागच्या उठून आल्या होत्या. प्रेस कुणी बंद केल्या ते कळलंही नाही, पण त्या बंद झाल्या होत्या. शेवंतीने त्या तुकड्यांकडे बघितलं आणि स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला.

"हे मेलं माझ्या नाकासमोर होतं तीन आठवडे," ती म्हणाली. मग हर्षदभाईंकडे वळली. "आणि तुम्ही शुभाकडून लिहून घेतलंत की तिने दोन पत्रे एकदम घातले म्हणून फुटला!"

अंबादासने मान वर केली. "काय लिहून घेतलं?"

"कागद केलाय. त्या पोरीच्या एका डोळ्याला पट्टी, दवाखान्यात खाटेवर, आणि ह्यांचा माणूस कागद घेऊन गेला. तिच्या आईला सांगितलं, चुकी कबूल केली तर खर्चाचं बघू."

"ते इन्शुरन्सवाले मागतात," हर्षदभाई म्हणाले. "फॉर्मॅलिटी असते ती."

म्हणजे बघा. इकडच्या शेठने अंबादासच्या गळ्यात मारलं, तिकडच्या शेठने त्या पोरीच्या. एकाच पंचाचे दोन गुन्हेगार दोन कागदांवर तयार होते, आणि शेठ दोघेही नामानिराळे! अंबादास हातात हातोडा घेऊन हर्षदभाईंसमोर उभा राहिला. बायका दोन पावलं मागे सरल्या. त्याने काय केलं असतं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"तो कागद आणा," तो म्हणाला.

हर्षदभाईंनी कागद आणला. तोही इंग्रजीत. खाली मराठीत सही होती, शुभा. अक्षरं रेघेवर सुरू झाली होती आणि उतरत उतरत रेघेखाली पार कडेला गेली होती. एका डोळ्याला पट्टी असताना केलेली सही होती ती.

एवढ्यात सौरभ धापा टाकत आला. तुकडे बघून तो समजायचं ते समजला. पण कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "हर्षदभाई, ह्यांना विचारा रजिस्टरमध्ये टेंपरिंगची सही कोणाची आहे. विचारा ना! काका, बोला. सही तुमची आहे की नाही?"

सगळे अंबादासकडे बघायला लागले.

"माझी आहे," तो म्हणाला. "काम व्हायच्या आधी केली. रोज करतो, वर्षानुवर्षं करतो, तुझ्या बापाला माहीत होतं, तुलाही माहीत आहे. ती खोटी सही माझी. ते मी नाकारत नाही."

"झालं तर मग," सौरभ म्हणाला.

"नाही झालं." अंबादासने खिशातून सौरभचं पत्र काढलं, प्रेसच्या टेबलावर ठेवलं आणि शेवंतीकडून पेन मागितलं. इंग्रजी ओळींच्या खाली मोकळी जागा होती तिथे त्याने मराठीत लिहिलं. शब्द तो मोठ्याने बोलत होता. "बारा पंच टेंपर न करता बाहेर गेले. बाराही कच्चे आहेत. बाराही प्रेसवरून काढा. टेंपरिंगच्या रकान्यात मी काम होण्याआधी सही केली, ही माझी चूक. माल भट्टीत न घालता टेंपोत भरायचा हुकूम सौरभशेठने फोनवरून दिला. ऑपरेटर शुभाची काहीही चूक नाही." धाकूचं नाव त्याने लिहिलं नाही. एकदा पेन तिथे अडलं होतं. त्याला धाकूचं सकाळचं वाक्य आठवलं, घरी कोण बसलो असतो, मी, आणि त्याने पुढे पूर्ण सही केली. बापाच्या नावासकट.

"उद्यापासून येऊ नका," सौरभ म्हणाला. "हिशेब घरी पाठवतो."

"आलोच नसतो."

"आणि हा राग आहे ना तुमचा—"

"त्याचं नाव काढू नकोस!" अंबादास इतक्या जोरात ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. "राग उतरवायची भट्टी तुझ्या शेडमध्ये होती. दोन तास लागले असते. तिथे उतरवला नाहीस. आता माझा उतरवायला येऊ नकोस."

सौरभ गेला. हर्षदभाईंनी एकदा त्या तुकड्यांकडे बघितलं. मग त्यांनी फिटरला हाक मारली आणि उरलेले दहा पंच काढायला सांगितले. चांगुलपणाने की भीतीने, देव जाणे. अंबादासला तेवढ्यापुरतं ते पुरेसं होतं. त्याने शुभाचा कागद घडी करून खिशात घातला, पंचाचा एक तुकडा फडक्यात गुंडाळला, आणि हर्षदभाईंनी कागद परत मागितला नाही.

शेवंतीकडून शुभाचा पत्ता घेऊन तो माहुलला पोचेपर्यंत दुपार झाली. वसाहतीतली सातव्या मजल्यावरची खोली, लिफ्ट बंद. शुभाची आई नलिनी हिने दार उघडलं. ती घाबरली, तिला वाटलं अजून कसला कागद आला. अंबादासने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. आत खिडकीपाशी शुभा बसली होती, बावीस वर्षांची. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी. गेला होता तो डोळा, डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचा कागद तिच्या हातात दिला. तुकडा समोर ठेवला.

"तू दोन पत्रे घातले नव्हतेस," तो म्हणाला. "तुझी काही चूक नव्हती. पंच कच्चा होता. बाराही कच्चे होते, आज काढले. मालकाने घाई केली. आणि भट्टीत न जाताच तो भट्टीतून आलाय अशी सही मी केली होती."

शुभाने तो तुकडा हातात घेतला. उलटासुलटा केला.

"पाठवायच्या आधी बघून कळलं असतं का? कच्चा आहे म्हणून?"

"कळलं असतं. एक ठिपका असतो. पांढरा राहिला तर कच्चा."

"मग बघितला का नाही?"

"दुसऱ्या दिवशी ट्रे रिकामा होता. मी विचारलं नाही. मला वाटलं, झालं असणार."

नलिनी मागून म्हणाली, "जाऊ दे गं. ते आले तरी. बाकी कोण आलं? तू डोक्याला त्रास नको करून घेऊस."

"सगळे मला हेच सांगतात," शुभा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले शांत राहा, डोळ्यावर ताण येईल. तो शेठचा माणूस म्हणाला शांतपणे सही कर. आई म्हणते जाऊ दे. मी एकवीस दिवस शांत आहे. मला वाटत होतं माझंच चुकलं, म्हणून मी शांत होते!"

ती एकदम उठली. हातातला तुकडा तिने भिंतीवर फेकला. मग दोन्ही मुठींनी ती अंबादासला मारायला लागली, खांद्यावर, छातीवर, दिसेल तिथे आणि न दिसेल तिथे. "विचारलं का नाही? एकदा विचारलं का नाही तुम्ही?" ती किंचाळत होती, आणि खालच्या मजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज येत होते.

"शुभे! अगं वडीलमाणूस आहेत ते!" नलिनी धावली आणि तिने तिचे हात धरले.

अंबादास जागचा हलला नव्हता. त्याचा चष्मा खाली पडला होता, तो त्याने उचललाही नाही.

"नलिनीताई, सोडा तिला," तो म्हणाला. "धरू नका."